गाणं ऐकलं की आठवतं, ते तसंच घडलेलं असतं का?

पेटच्या मुलाखतीत एक प्रश्न हमखास येतो. अलीकडे वाचलेला एखादा पेपर सांगा, आणि त्यात तुम्हाला काय पटलं नाही तेही सांगा. पहिला भाग सगळ्यांना जमतो. दुसऱ्या भागाला बहुतेक जण 'सर, सॅम्पल साइज लहान होता' एवढं म्हणतात आणि पाणी पितात. मीही तेच म्हटलं होतं, पाण्यासकट.

आज तो दुसरा भाग जरा नीट करू या. पेपर मुद्दाम माझ्या विषयाबाहेरचे घेतलेत. माझं स्वतःचं काम द्राक्षावरच्या भुरीवर आहे, मेंदूशी त्याचा काडीचा संबंध नाही. पण आमच्या लॅबमध्ये दर महिन्याला एकाने विषयाबाहेरचा पेपर मांडायचा असा नियम आहे. आपल्या विषयातला पेपर वाचताना पद्धत पाठ असते, लेखकांची नावं ओळखीची असतात, आणि डोळा अवघड जागा सहज ओलांडून जातो. परक्या विषयात प्रत्येक वाक्याला अडखळावं लागतं. माझी पाळी आली तेव्हा मी आवडती गाणी आणि त्यांना चिकटलेल्या आठवणी हा विषय घेतला. सोपा वाटला म्हणून घेतला, खोटं कशाला सांगू. आणि दुसऱ्याच स्लाइडवर आपटले.

आधी पेपर. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या पेट्र जनाटा यांनी दोन सहकाऱ्यांबरोबर २००७ साली 'मेमरी' या जर्नलमध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. प्रश्न साधा होता: गाणं ऐकल्यावर माणसाला स्वतःच्या आयुष्यातलं काही आठवतं का, किती वेळा आठवतं, आणि जे आठवतं ते कशा प्रकारचं असतं?

हा प्रश्न तुम्हाला आणि मला दिला असता तर आपण काय केलं असतं? शंभर जणांना फॉर्म पाठवला असता: 'तुमचं आवडतं गाणं लिहा, त्याची आठवण लिहा.' उत्तरंही छान आली असती. पण त्यांचा उपयोग शून्य. ज्या गाण्याला आठवण चिकटली आहे तेच गाणं माणूस आवडतं म्हणून लिहिणार, मग शंभरपैकी शंभर गाण्यांना आठवण निघणार, आणि आपण मोठ्या अक्षरात निष्कर्ष काढणार की गाण्यांमुळे आठवणी येतात. जनाटांनी हे टाळलं. त्यांनी गाणी लोकांना निवडू दिलीच नाहीत. ऐकणाऱ्याच्या लहान आणि किशोर वयात अमेरिकेच्या लोकप्रिय गाण्यांच्या याद्यांमध्ये जी गाणी होती, त्यांतून तुकडे काढून ऐकवले. कुणाला काय वाट्याला येईल हे आवडीवर नाही, यादीवर ठरलं.

पेपरमधली मला सगळ्यात जास्त आवडलेली गोष्ट हीच, आणि ती निकालात नाही, गाणी निवडण्याच्या पद्धतीत आहे. परीक्षण म्हणजे नुसत्या चुका काढणं असं आपल्याला वाटतं. मुलाखतीत पेपरची एक बाजू नेमकी उचलून 'हे केलं नसतं तर अमुक गोंधळ झाला असता' असं सांगता आलं तर समोरचे मान वर करून बघतात.

निकाल असा की सरासरी ३० टक्के वेळा गाण्याच्या तुकड्याने स्वतःची काहीतरी आठवण जागी केली. इथे जरा थांबा. ३० टक्के कशाचे? माणसांचे नाही. 'तिसऱ्या हिश्श्याच्या लोकांना गाण्यावरून आठवतं' असं कुणी लिहिलं तर ते चूक आहे. एका माणसाला अनेक तुकडे ऐकवले, आणि ऐकवण्याच्या एकूण वेळांपैकी सरासरी ३० टक्के वेळा आठवण आली. टक्का दिसला की छेद काय आहे ते शोधायचं ही सवय मला एमएस्सीत लागायला हवी होती. लागली पीएचडीच्या दुसऱ्या वर्षात.

आता माझी दुसरी स्लाइड.

मांडणी रंगतदार व्हावी म्हणून मी स्वतःचं उदाहरण घातलं होतं. आमचं गाव तासगावच्या बाजूला. आजोबांना, म्हणजे आबांना, मिरजेला डॉक्टरांकडे न्यायचं होतं. मी तेव्हा बीएस्सीला होते, सुट्टीला गावी आलेले. वडापच्या जीपमध्ये मागच्या बाकावर आबा, शेजारी मी, पायात कोंबड्यांची डालगी. ड्रायव्हरने झिंगाट लावलेलं. आबा आजारी, बारीक झालेले, पण समोरच्या लोखंडी दांड्यावर त्यांची बोटं त्या गाण्यावर ठेका धरत होती. माझ्याकडे बघून ते हसले. त्यानंतर आमचा एकत्र प्रवास झालाच नाही. २०१५ च्या गणपतीत आबा गेले.

ही आठवण मी कितीदा सांगितली असेल. वर्षश्राद्धाला सांगितली, हॉस्टेलला सांगितली. झिंगाट कुठल्याही वरातीत लागलं की सगळे नाचतात आणि मी एक मिनिट बाजूला होते, हे माझ्या मैत्रिणींना माहीत आहे. दांड्याचा थंडपणा, कोंबड्यांचा वास, आबांच्या अंगठ्याचं काळं पडलेलं नख, सगळं दिसतं मला.

स्लाइड संपली आणि मागच्या बाकावरच्या ज्युनिअरने हात वर केला. म्हणाला, 'ताई, सैराट २०१६ चा ना?'

२९ एप्रिल २०१६. आबा गेल्यानंतर सात महिन्यांनी. गाणी सिनेमाच्या जरा आधी आली, पण ती त्याच वर्षी. २०१५ च्या पावसाळ्यात तासगाव-मिरज रस्त्यावर ते गाणं लागणं शक्यच नव्हतं.

पुढच्या पंधरा स्लाइड मी कशा दाखवल्या ते आठवत नाही. (आठवत असतं तरी आता मी त्यावर विश्वास ठेवला नसता.)

पण त्या ज्युनिअरने जो प्रश्न मला विचारला तो जनाटांच्या पेपरला कुणी विचारला होता का, हे बघायला मी रात्री परत बसले. २००९ साली जनाटांनी 'सेरेब्रल कॉर्टेक्स' या जर्नलमध्ये पुढचा भाग छापला. डेव्हिसचे १३ विद्यार्थी, प्रत्येकाला एफएमआरआयच्या यंत्रात ३० गाण्यांचे तुकडे ऐकवले. गाणी त्या विद्यार्थ्याच्या ८ ते १८ या वयातल्या टॉप १०० याद्यांमधून निवडलेली. दर तुकड्यानंतर प्रश्न: गाणं ओळखीचं आहे का, आवडलं का, त्याच्याशी काही प्रसंग जोडलेला आहे का? यंत्रातून बाहेर आल्यावर, ओळखीच्या गाण्यांनी काय आठवलं आणि ते किती स्पष्ट होतं याची प्रश्नावली. सरासरी ३० पैकी १७ गाणी ओळखीची निघाली, आणि त्यांतल्या १३ गाण्यांशी मध्यम किंवा घट्ट आठवण जोडलेली होती. आठवण जितकी ठळक तितकी कपाळामागच्या भागात, मेंदूच्या दोन अर्धांच्या मधल्या बाजूला, हालचाल जास्त.

इथे आपला पाठ केलेला आक्षेप येतो: फक्त १३ माणसं! बरोबर आहे, १३ कमीच. पण हा आक्षेप तुम्हाला वाटतो तेवढा धारदार नाही. इथे एका गटाची दुसऱ्या गटाशी तुलना नाही. प्रत्येक विद्यार्थ्याची तुलना त्याच्याशीच आहे: त्याला आठवण देणारी गाणी एकीकडे, न देणारी दुसरीकडे. अशा रचनेत माणसामाणसांतला फरक बराचसा गळून जातो. १३ वरून सगळ्या मनुष्यजातीबद्दल बोलू नये हे खरंच, पण तेवढ्यावर पेपर बाजूला ठेवणं म्हणजे आळस आहे.

दुसरा आक्षेप जरा बरा. गाणी फक्त ८ ते १८ या वयातली घेतली. म्हणजे 'किशोरवयातली गाणीच जास्त आठवणी देतात' हे या पेपरवरून कुणी म्हणू लागला तर त्याला थांबवा. नंतरच्या वयातली गाणी ऐकवलीच नाहीत तर तुलना कशाशी करणार?

माझा खरा आक्षेप तिसरा आहे, आणि झिंगाटची फजिती झाली नसती तर तो मला सुचला नसता. या अभ्यासात 'आठवण' म्हणून जे मोजलं ते काय आहे? ऐकणाऱ्याने सांगितलं की मला आठवतंय, आणि किती स्पष्ट आठवतंय. बस. ते घडलं होतं का, तेव्हाच घडलं होतं का, त्या वेळी तेच गाणं लागलं होतं का, हे तपासलेलं नाही. मी त्या यंत्रात झोपले असते आणि मला झिंगाट ऐकवलं असतं, तर मी 'घट्ट आठवण' या खुणेला बोट लावलं असतं. स्पष्टतेला पैकीच्या पैकी दिले असते. माझ्या कपाळामागचा तो भाग उजळला असता. आणि आलेखावर माझा एक बिंदू 'गाण्याने जागी केलेली आत्मचरित्रात्मक आठवण' या नावाखाली बसला असता.

आता न्यायाने बोलायचं तर आठवण खरी की खोटी हा जनाटांचा प्रश्नच नव्हता. जो प्रश्न लेखकाने घेतलाच नाही त्याचं उत्तर दिलं नाही म्हणून त्याला नापास करणं हा आपल्याकडच्या तोंडी परीक्षांमधला आवडता खेळ आहे, तो खेळू नका. माझा आक्षेप अक्षावरच्या नावाला आहे. अक्षावर 'आठवण' लिहिलं की वाचणारा घडलेली गोष्ट असं वाचतो. मोजलेली गोष्ट मात्र 'आठवतंय असं ठामपणे वाटणं' ही आहे. आमच्या भुरीच्या कामात पानावर बुरशी किती पसरली ते डोळ्याने बघून गुण द्यायचे असतात. पण कुठल्या पानावर कुठलं औषध मारलं हे गुण देणाऱ्याला सांगत नाहीत. पानांना नुसते नंबर असतात, दोन जण वेगवेगळे गुण देतात आणि मग ताडून बघतात. ज्याने फवारलं त्यालाच मोजायला बसवलं तर त्याच्या औषधाचं पान स्वच्छच दिसतं, आणि तो खोटंही बोलत नसतो. आठवणीच्या अभ्यासात फवारणारा आणि मोजणारा एकच माणूस असतो. ही अडचण त्या विषयाच्या स्वभावातच आहे, म्हणून बाहेरचा पुरावा जिथे मिळेल तिथे घ्यायला हवा.

असा पुरावा घेणारे अभ्यास आहेत, फक्त ते गाण्यांवरचे नाहीत. २८ जानेवारी १९८६ ला चॅलेंजर यान उड्डाणानंतर लगेच फुटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी अल्रिक नाइसर आणि निकोल हार्श यांनी विद्यार्थ्यांकडून लिहून घेतलं: बातमी कुठे ऐकली, कुणाकडून ऐकली, तेव्हा काय करत होता. अडीच वर्षांनी त्यांतल्या ४४ जणांना परत तेच विचारलं. ११ जणांचं उत्तर मूळ उत्तराशी कुठेच जुळलं नाही. तरी बरेच जण ठाम होते. त्यांना त्यांच्याच हस्ताक्षरातला कागद दाखवला तरी जुनी आठवण परत आली नाही, नवीनच खरी वाटत राहिली.

हा अभ्यास मी बीएस्सीत वाचला असता तर 'अमेरिकन लोक असतात तसे' म्हणून सोडून दिला असता. आता मी त्या ११ जणांतलीच एक आहे.

मग तुम्ही विचाराल, अशा जोरदार आठवणी साध्या आठवणींपेक्षा वेगळ्या कशात? याचं चांगलं उत्तर जेनिफर टॅलरिको आणि डेव्हिड रुबिन यांनी दिलं. त्यांनी १२ सप्टेंबर २००१ ला, हल्ल्याच्या दुसऱ्याच दिवशी, ड्यूक विद्यापीठातल्या ५४ विद्यार्थ्यांकडून दोन गोष्टी लिहून घेतल्या: हल्ल्याची बातमी कशी कळली, आणि त्याच दिवसांतला एखादा रोजचा साधा प्रसंग. हा साधा प्रसंग म्हणजे या अभ्यासाचा कंट्रोल. नंतर काहींना १ आठवड्याने, काहींना ६ आणि काहींना ३२ आठवड्यांनी विचारलं. तपशील दोन्ही प्रसंगांचे सारख्याच वेगाने घसरले. हल्ल्याच्या आठवणीचा ठळकपणा आणि तिच्यावरचा विश्वास मात्र वरच राहिला. कंट्रोल नसता तर निष्कर्ष अगदी उलटा निघाला असता, कारण नुसत्या हल्ल्याच्या आठवणींकडे बघितलं तर त्या फार ठळक होत्या एवढंच दिसलं असतं.

गाण्यांच्या बाबतीत याच्या जवळ जाणारं काम २०१६ मध्ये एमी बेल्फी आणि सहकाऱ्यांनी केलं. त्यांनी एकीकडे गाणी ऐकवली आणि दुसरीकडे प्रसिद्ध व्यक्तींचे चेहरे दाखवले. चेहऱ्यांवरून आठवणी जास्त वेळा आल्या, गाण्यांवरून आलेल्या जास्त तपशीलवार होत्या. तुलना चांगली आहे, म्हणून हा पेपर मला जनाटांच्या पेपरापेक्षा एक पाऊल पुढचा वाटतो. पण तपशील जास्त म्हणजे खरेपणा जास्त, असं त्यातूनही निघत नाही. कोंबड्यांची डालगी हा तपशीलच आहे.

आता गंमत बघा. गाण्याकडे असं काहीतरी आहे जे चेहऱ्याकडे किंवा वासाकडे नसतं: गाण्याला जन्मतारीख असते. ती छापलेली असते, कुणाच्या आठवणीवर अवलंबून नसते. म्हणजे हजारो लोकांच्या आठवणी तपासायचं साधन या संशोधकांच्या हातात आयतंच आहे. आठवणीतला प्रसंग कुठल्या वर्षाचा ते माणसाला विचारायचं, प्रसंगाचं वर्ष कागदपत्रांवरून पक्कं करायचं, मृत्यूचा दाखला, लग्नपत्रिका, गुणपत्रिका, काहीही, आणि गाण्याच्या तारखेशी ताडून बघायचं. प्रसंग आधीचा आणि गाणं नंतरचं निघालं की निदान ते गाणं तिथे बाहेरून येऊन बसलंय हे सिद्ध.

पण हे साधन एकाच बाजूने कापतं, हे लक्षात घ्या. गाणं प्रसंगानंतरचं असेल तर जोडी चूक आहे हे नक्की कळतं. गाणं आधीचं असेल तर काहीच कळत नाही. आबा २०१७ मध्ये गेले असते तर माझी आठवण या चाचणीत आरामात पास झाली असती आणि तरीही ती इतकीच खोटी असू शकली असती. म्हणजे या चाचणीने मिळणारा चुकीचा टक्का हा कमीत कमी टक्का असणार, खरा त्याहून मोठा. असा अभ्यास कुणी केला तर मर्यादांच्या परिच्छेदात हे पहिलं वाक्य हवं.

तारीखच का चुकली, यावर मला एक जुना पेपर फार आवडला. डच मानसशास्त्रज्ञ विलेम वागेनार सहा वर्षं रोज स्वतःच्या आयुष्यातली एखाददुसरी घटना लिहून ठेवत होता: काय, कोण, कुठे, कधी. दोन हजारांवर घटना जमल्या. नंतर स्वतःचीच परीक्षा घेतली. 'काय' या धाग्याने घटना सगळ्यात चांगली आठवली, आणि नुसत्या 'कधी'ने जवळजवळ काहीच हाती लागलं नाही. १९८६ चा पेपर. सॅम्पल साइज एक! मुलाखतीत सॅम्पल साइजवर पाणी पिणाऱ्यांनी जरूर वाचावा.

एक गोष्ट या सगळ्या अमेरिकन अभ्यासांना आपल्याकडे आणताना अडेल. तिथली पद्धत उभी आहे ती 'एक गाणं, एक वर्ष' या गृहीतकावर. यादीत गाणं येतं, काही आठवडे राहतं, जातं. कॅरल क्रुमहान्सल आणि जस्टिन झुपनिक यांनी २०१३ मध्ये वीसेक वर्षांच्या मुलांना १९५५ ते २००९ या काळातली, दर वर्षाची सगळ्यात गाजलेली दोन अशी गाणी ऐकवली. अपेक्षेप्रमाणे अलीकडच्या गाण्यांना आठवणी जास्त होत्या. पण १९८० च्या दशकाच्या सुरुवातीच्या, म्हणजे आईवडिलांच्या तरुणपणच्या गाण्यांनाही एक उंचवटा निघाला, आणि साठच्या दशकातल्या गाण्यांना त्याहून लहान. ही मुलं तेव्हा जन्मलीही नव्हती. लेखकांनी याचं कारण घरात लागणाऱ्या संगीताकडे नेलं. पटण्यासारखं आहे. पण त्या काळातली गाणीच बरी असतील तर? मग उंचवटा घराचा नाही, गाण्यांचा. या दोन शक्यता वेगळ्या करायला घरात ती गाणी लागायची आणि लागायची नाहीत अशी दोन प्रकारची मुलं हवीत.

आणि आता गीतरामायण घ्या. १ एप्रिल १९५५ ला, रामनवमीला, पुणे आकाशवाणीवर सुरू झालं, दर आठवड्याला एक अशी वर्षभर ५६ गीतं. त्याची तारीख यापेक्षा पक्की कुठे मिळणार? पण आमच्या घरात ते माझ्या पणजीने रेडिओवर ऐकलं, आईने कॅसेटवर, मी मोबाईलवर, आणि दर रामनवमीला देवळाच्या कर्ण्यावर सगळ्यांनी मिळून. त्या गाण्याला कुठल्या वर्षाची आठवण जोडलेली आहे असं विचारणं म्हणजे विहिरीला कुठल्या पावसाचं पाणी आहे असं विचारण्यासारखं आहे. झिंगाटचंही आता तसंच झालंय. २०१६ मध्ये आलं, २०१८ मध्ये 'धडक'मधून हिंदीत आलं, आणि वराती तर दर वर्षी. शेकडो वेळा ऐकलेलं गाणं एकाच प्रसंगाला बांधलेलं आहे असं जेव्हा मला वाटतं, तेव्हा बाकीचे शेकडो प्रसंग कुठे गेले? माझा अंदाज असा की २०१६ च्या उन्हाळ्यात, आबा जाऊन काही महिने झाले असताना, मी त्याच रस्त्यावरून तशाच जीपमधून येता-जाता ते गाणं ऐकलं आणि आबांना आठवलं. आणि मग आठवल्याची आठवण हीच मूळ आठवण झाली. अंदाजच आहे हा, पुरावा नाही. मराठी गाण्यांवर असा अभ्यास करायचा झाला तर 'पहिल्यांदा कधी ऐकलं' यापेक्षा 'कितीदा, कुठे, कुणाबरोबर' हे आधी विचारावं लागेल. मानसशास्त्रात एमए करणाऱ्या कुणाला डेझर्टेशनला विषय हवा असेल तर हा घ्या, हक्क वगैरे काही नाही माझा.

अल्झायमरबद्दल दोनच वाक्यं, कारण गाण्यांचा विषय निघाला की व्हॉट्सॲपवर ते येतंच. जनाटांनी सुचवलं होतं की तो कपाळामागचा भाग या आजारात उशिरा झिजतो, म्हणून रुग्ण गाण्याला प्रतिसाद देत असावेत. पण त्यांचे १३ जण निरोगी विद्यार्थी होते. आणि जुनं गाणं ओळखणं वेगळं, त्या गाण्याने आयुष्यातला प्रसंग आठवणं वेगळं. या दोन गोष्टी एकाच वाक्यात घालणारा लेख दिसला की जरा सावध व्हा.

राहिली माझी आठवण. ती चुकली याचं दुःख एका रात्रीत ओसरलं. अडचण वेगळी होती. ती आठवण आता एकट्या माझी नव्हती. वर्षश्राद्धाला मी सांगितली तेव्हा आत्या रडली होती. चुलतभाऊ म्हणतो, त्याला पण आठवतं, तोही होता जीपमध्ये (तो नव्हता, त्याची बारावीची जादा तासिका होती). आणि आजी संध्याकाळी नातवाला सांगते, आबाचं गाणं लाव रे. दारातल्या कट्ट्यावर बसून आमची आजी झिंगाट ऐकते, गेली आठ-नऊ वर्षं.

आईला सांगितलं. ती म्हणाली, 'तुझं संशोधन तुझ्यापाशी ठेव, आजीला बोलू नकोस.' प्रयोगात कुणाच्या डोक्यात चुकीची गोष्ट शिरवली असेल तर शेवटी त्याला खरं सांगावं लागतं, त्याशिवाय एथिक्स कमिटी परवानगी देत नाही. हे मी फॉर्मवर कितीदा वाचलंय. पण मी कुठे प्रयोग केला होता? मी तर मनापासून सांगितलं होतं.

मे महिन्यात गेले तेव्हा सांगितलंच. आजी, ते गाणं आबा गेल्यावर आलं, मी चुकले. ती तांदूळ निवडत होती. 'आसंल की,' म्हणाली. मग जरा वेळाने, 'तुजा आबा बसंल तिथं ठेका धरायचा. भजनाला बी, अन् पंप चालू झाला की पंपाला बी. मग त्या दिशी गाडीत काय लागलं हुतं?'

मी दुसऱ्या दिवशी वडापवाल्याला गाठलं. तो म्हणाला, त्या साली त्याच्या गाडीला टेपच नव्हता, दिवाळीत बसवला. मी वहीत लिहून घेतलं. मग शेजारी कंसात लिहिलं: हीपण आठवणच, बिल मागणे. बिल त्याच्याकडे नाही.

संध्याकाळी नातवाने मोबाईल घेऊन विचारलं, आजी, कुठलं लावू? आजीने झिंगाटच सांगितलं, आणि आवाज वाढव म्हणाली.